फलंदाजीच्या आकड्यांचे नातेगोते

इ. स. १९४८ हे वर्ष क्रिकेटच्या इतिहासात दोन अपुऱ्या राहिलेल्या आकड्यांचे वर्ष होय. त्या वर्षीच्या ऑगस्टच्या १४ तारखेस लंडनच्या ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाचे डोनाल्ड ब्रॅडमन आपल्या शेवटच्या कसोटी सामन्यात खेळावयास उतरले आणि एरिक हॉलीझ याच्या दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळाबाद होऊन परतले. चार धावा मिळत्या, तर त्यांची कसोटीतील सरासरी बरोबर १०० भरती. ती ९९.९४ वर थांबली ती कायमचीच.

यानंतर चार महिने लोटले तोच आपल्या पुण्यास, पूना क्लबच्या मैदानावर, दुसरा आकडा अपुरा राहिला. डिसेंबरच्या १६ तारखेस महाराष्ट्र आणि काठेवाड यांच्यामधील रणजी सामना सुरू झाला. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला आणि महाराष्ट्राच्या वतीने कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले. ४९४ मिनिटे ते खेळपट्टीवर होते. एक षटकार व ४९ चौकार यांसह त्यांनी ४४३ धावा काढल्या आणि ते बाद झाले नव्हते. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील तेव्हाचा जागतिक उच्चांक ब्रॅडमन यांच्याच नावे होता, तो ४५२ धावांचा. दहा धावा आणखी हव्या होत्या. परंतु महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली असता, खेळातील विश्रांतीच्या वेळी, काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी डाव पुरे करा असा आग्रह धरला, आणि तो मान्य होईना तेव्हा सामना सोडून देऊन आपल्या गड्यांसह ते परतीच्या वाटेस लागले. निंबाळकर नाबाद राहिले आणि उच्चांकही नाबाद राहिला.

पहिल्या प्रसंगाची हळहळ साऱ्या क्रिकेटजगताने केली. दुसऱ्याची आपण महाराष्ट्रीयांनी केली, आणि अजूनही करतो. परंतु हळहळ बाजूस ठेवून या दोन आकड्यांकडे पाहिले तर एक निराळाच प्रश्न उभा राहतो. ९९.९४ ही सरासरी आणि ४४३ ही नुसती बेरीज. एकीत भागाकार आहे, दुसरीत नाही. फलंदाजाचे मोल ठरविण्यासाठी माणसाने भागाकार करावयास केव्हा आरंभ केला, कशाने भागावयाचे हे कोणी ठरविले, आणि असे जे निरनिराळे भागाकार आज वर्तमानपत्रात शेजारी शेजारी छापलेले असतात त्यांचे परस्परांशी नाते काय? हा प्रश्न केवळ क्रीडाप्रेमी मंडळींपुरता नाही. आकडा समोर आला की वाद मिटला, असे मानण्याची आपल्या सुशिक्षित वर्गास जी सवय जडली आहे, तिचाही विचार त्यात ओघानेच येतो.

इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात क्रिकेटच्या वह्या नीट ठेवल्या जाऊ लागल्या, तेव्हा फलंदाजाच्या धावांस डावांनी किंवा सामन्यांनी भागीत असत. मौज अशी की, हा भागाकार दशांशात करण्याची रीत नव्हती. पाठशाळेतल्या मुलाप्रमाणे भागाकार आणि बाकी अशा दोन संख्या लिहीत: २३ आणि वर ७, म्हणजे दर डावास २३ धावा आणि ७ धावा उरल्या. त्या उरलेल्या धावांचे काय करावयाचे हे कोणी सांगत नसे, पण त्या टाकून द्यावयाच्या नाहीत एवढा प्रामाणिकपणा त्या पद्धतीत होता. पुढे दशांश आले आणि बाकी दिसेनाशी झाली. त्याहून मोठा बदल असा झाला की, छेदाच्या जागी डाव न राहता, फलंदाज जितक्या वेळा बाद झाला ती संख्या आली. नाबाद राहिलेल्या डावातील धावा अंशात मिळवावयाच्या, परंतु तो डाव छेदात धरावयाचा नाही. आज आपण ज्यास सरासरी म्हणतो ती ही.

हा बदल वरवर किरकोळ दिसतो. तो किती दूरवर पोहोचतो हे आपल्याकडील दोन थोर फलंदाजांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. मुंबईचे विजय मर्चंट आणि सांगलीस जन्मलेले विजय हजारे यांची स्पर्धा एका पिढीच्या घराघरांत चर्चिली गेली. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये मर्चंट यांची सरासरी ७१.६४ आणि हजारे यांची ५८.३८. तेरा धावांचे हे अंतर म्हणजे दोन निराळ्या पायऱ्यांवरचे खेळाडू असे कोणासही वाटेल. आता छेद पाहू. मर्चंट यांनी २३४ डावांत १३,४७० धावा केल्या आणि ते ४६ वेळा नाबाद राहिले. हजारे यांनी ३६७ डावांत १८,७४० धावा केल्या आणि योगायोग असा की तेही ४६ वेळाच नाबाद राहिले. जुन्या रीतीप्रमाणे सगळ्या डावांनी भागले तर मर्चंट यांच्या दर डावास ५७.५६ धावा येतात आणि हजारे यांच्या ५१.०६. तेराचे अंतर साडेसहावर आले! दोघांनी केलेल्या धावांत कोणताही फरक पडलेला नाही. फरक पडला तो इतकाच की, मर्चंट आपल्या डावांपैकी शेकडा सुमारे २० डावांत नाबाद राहिले आणि हजारे शेकडा साडेबारा डावांत.

कसोटी सामन्यांत याच्या उलट घडते. तेथे मर्चंट यांची सरासरी ४७.७२ आणि हजारे यांची ४७.६५, म्हणजे अंतर जवळजवळ नाहीच. परंतु मर्चंट आपल्या १८ कसोटी डावांत एकदाही नाबाद राहिले नाहीत आणि हजारे ५२ डावांत ६ वेळा राहिले. डावांनी भागले तर मर्चंट ४७.७२ वरच राहतात, हजारे मात्र ४२.१५ वर उतरतात. या दोन मापांचे नाते असे एका ओळीत सांगता येते: दर डावाच्या धावांस, शंभरापैकी किती डावांत फलंदाज बाद झाला त्या प्रमाणाने भागले की सरासरी मिळते. जो कधीच नाबाद राहत नाही त्याची दोन्ही मापे एकच. जो वारंवार नाबाद राहतो त्याची सरासरी वर चढत जाते.

मग ही नवी सरासरी म्हणजे नाबाद राहणाऱ्यांस दिलेली सवलत समजावयाची काय? नाही, निदान सर्वस्वी नाही. नाबाद फलंदाजाचा डाव संपलेला नसतो. तो तोडलेला असतो. प्रत्येक धावेच्या वेळी बाद होण्याचा धोका सारखाच असेल, तर अशा तोडलेल्या डावांसह अपेक्षा काढण्याची योग्य रीत हीच ठरते: एकूण धावा भागिले एकूण बाद. आयुर्विम्याच्या गणितात हयात असलेल्या माणसांचा जो हिशोब करतात, तोही याच जातीचा. खोच आहे ती त्या 'सारखाच असेल' या शब्दांत. नुकताच आलेला फलंदाज आणि पन्नास धावा करून जम बसलेला फलंदाज यांचा धोका सारखा नसतो, हे शाळेतील पोरासही ठाऊक आहे.

या दृष्टीने ब्रॅडमन यांच्या चार धावांकडे पुन्हा पाहिले पाहिजे. ओव्हलवर ते उतरले त्या वेळी त्यांच्या ६,९९६ धावा झाल्या होत्या आणि ते ६९ वेळा बाद झाले होते, म्हणजे सरासरी १०१.३९ होती. ते त्या दिवशी खेळलेच नसते, किंवा एकही धाव न काढता नाबाद राहिले असते, तरी सरासरी शंभराच्या वरच राहती. चार धावा कमी पडल्या असे आपण म्हणतो, पण तितक्याच खरेपणाने म्हणता येईल की एक बाद अधिक झाला. अंशाकडून पाहणारास चार धावांचे दुःख दिसते, छेदाकडून पाहणारास एका चेंडूचे.

त्या काळी आणखी एक छेद प्रचारात होता, तो मिनिटांचा. निंबाळकरांचे ४४३ किती चेंडूंत झाले हे कोणी विचारत नसे. ४९४ मिनिटांत झाले, म्हणजे तासास सुमारे ५४ धावांच्या गतीने, इतके सांगितले की पुरे होई. सामना दिवसांनी व घड्याळाने बांधलेला असे, म्हणून मोलाची वस्तू वेळ. त्याच हंगामात, १९४९ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्ध विजयासाठी ३६१ धावा हव्या असता हिंदुस्थानचा संघ ८ बाद ३५५ वर थांबला. हजारे यांनी १२२ धावा केल्या होत्या. केवळ सहा धावा उरल्या होत्या आणि वेळ थोडा शिल्लक असतानाच खेळ थांबविला गेला, असे त्या सामन्याविषयी आजही सांगतात. ज्या वहीत चेंडू मोजलेले नाहीत, त्या वहीतून चेंडूंचा हिशोब मागाहून काढता येत नाही. प्रत्येक काळाने आपल्याला जे दुर्मीळ वाटले तेच मोजले, आणि जे मोजले नाही ते पुढच्या पिढीस कायमचे अंतरले.

छेद बदलला की मनुष्याची किंमत बदलते, हा अनुभव क्रिकेटच्या अमेरिकेतील चुलतभावास, म्हणजे बेसबॉलच्या खेळास, आपल्याहून अधिक तीव्रतेने आला आहे. त्या खेळास आकड्यांचे वेड लावणारा हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्लंडातील एक्झेटरचा. १८२४ साली जन्मलेला हा गृहस्थ लहानपणीच अमेरिकेस गेला आणि न्यूयॉर्कच्या पत्रांतून प्रथम क्रिकेटचीच वार्तापत्रे लिहू लागला. क्रिकेटच्या वहीची शिस्त त्याने बेसबॉलमध्ये नेली. तेथे फलंदाजीची सरासरी म्हणजे यशस्वी फटके भागिले फलंदाजीच्या संधी. परंतु चेंडू टाकणाराने चार चेंडू नियमाबाहेर टाकले आणि फलंदाजास पहिल्या तळावर फुकट जावयास मिळाले, तर तो प्रसंग अंशातही नाही आणि छेदातही नाही. आपल्या नाबादाप्रमाणेच तो हिशोबातून अदृश्य होतो. १८८७ साली एका हंगामापुरता नियम बदलला आणि हे फुकटचे तळ यशस्वी फटक्यांत धरण्यात आले. एका वर्षात साऱ्यांच्या सरासऱ्या फुगल्या आणि दुसऱ्या वर्षी नियम मागे घ्यावा लागला. खेळाडू तेच होते आणि हातही तेच होते.

पुढे त्या देशात तीन मापे शेजारी शेजारी उभी राहिली. पहिले वर सांगितलेल्या सरासरीचे. दुसरे, फलंदाज कोणत्याही मार्गाने तळावर किती वेळा पोहोचला याचे. तिसरे, त्याच्या फटक्यांनी एकूण किती तळ मिळाले, म्हणजे फटक्यांच्या बळाचे. दुसऱ्या मापाची महती ब्रँच रिकी या व्यवस्थापकाने आपला संख्याशास्त्री सहकारी ॲलन रॉथ याच्या मदतीने १९५४ साली एका सुप्रसिद्ध साप्ताहिकात मांडली, परंतु मोठ्या संघांच्या अधिकृत आकड्यांत त्यास जागा मिळण्यास १९८४ साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत धीराने चेंडू सोडून तळ मिळविणारे कित्येक फलंदाज सामान्य ठरले असतील. आज दुसरे व तिसरे माप यांची सरळ बेरीज करून एकच अंक काढतात. दोघांचे छेद निराळे असल्यामुळे ही बेरीज शुद्ध गणिताच्या दृष्टीने सदोषच आहे, तरी संघाच्या धावांशी तिचा मेळ चांगला बसतो म्हणून व्यवहाराने ती पत्करली. आपल्याकडेही ट्वेन्टी-ट्वेन्टी सामन्यांच्या काळात सरासरी आणि धावगती यांची बेरीज मांडण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा.

ही धावगती, म्हणजे दर शंभर चेंडूंमागे धावा, आपल्याकडे महत्त्वास चढली ती मर्यादित षटकांच्या क्रिकेटमुळे. सामना दिवसांनी न बांधता चेंडूंनी बांधला गेला आणि मोलाची वस्तू बदलली. हा बदल पचविणे किती कठीण होते याचे स्मारक म्हणजे १९७५ सालच्या पहिल्या विश्वचषकातील पहिल्याच दिवसाचा, ७ जूनचा, लॉर्ड्सवरील सामना. इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या. उत्तरादाखल सुनील गावसकर पहिल्या षटकापासून अखेरच्या षटकापर्यंत खेळले आणि १७४ चेंडूंत ३६ धावा करून नाबाद राहिले. भारताची धावसंख्या ३ बाद १३२ झाली आणि सामना २०२ धावांनी गेला. जुन्या सरासरीच्या नियमाने या डावात छेद शून्य आहे, म्हणजे सरासरी मोजताच येत नाही, दोष काढण्यास जागाच नाही. नव्या मापाने तोच डाव शंभर चेंडूंस २१ धावाही भरत नाही. गावसकर यांच्या थोरवीस या एका डावाने बाध येत नाही. कसोटीतील १०,१२२ धावा आणि ५१.१२ ची सरासरी त्यांच्या पाठीशी उभी आहे. परंतु एका नाण्याच्या टांकसाळीतील कारागिराने दुसऱ्याच राज्याच्या बाजारात उभे राहावे, असा तो प्रसंग होता.

आता या दोन मापांचे नाते पाहू. ते इतके साधे आहे की एकदा कळल्यावर विसरता येत नाही. दर बादमागे धावा म्हणजे सरासरी. दर चेंडूमागे धावा म्हणजे वेग. आणि दर बादमागे चेंडू, ज्यास आपण टिकाव म्हणू. या तिहींत वेग आणि टिकाव यांचा गुणाकार केला की सरासरी येते. दोन कळली की तिसरे आपोआप कळते. म्हणजे सरासरी हे स्वतंत्र माप नसून दोन निराळ्या गुणांचे अपत्य आहे, आणि अपत्याकडे पाहून आई कोणावर गेली आणि बाप कोणावर हे ओळखता येत नाही.

सचिन तेंडुलकर आणि इंदूरास जन्मलेले राहुल द्रविड यांचे एकदिवसीय आकडे या सूत्रात घालून पाहावेत. तेंडुलकरांची सरासरी ४४.८३ आणि वेग शंभर चेंडूंस ८६.२३. द्रविडांची सरासरी ३९.१६ आणि वेग ७१.२४. सरासरीत साडेपाच धावांचे अंतर पाहून आपण म्हणतो की तेंडुलकर अधिक काळ टिकत असतील. भागाकार करून पाहिला तर तेंडुलकर दर बादमागे ५२ चेंडू खेळले आणि द्रविड ५५. टिकाव द्रविडांचाच अधिक! तेंडुलकरांची वरचढ सरासरी सगळी वेगातून आलेली आहे. हेच द्रविड कसोटीत ३१,२५८ चेंडू खेळले आणि २५४ वेळा बाद झाले, म्हणजे दर बादमागे १२३ चेंडू. एकाच मनुष्याने एका खेळात ५५ चेंडूंचा आणि दुसऱ्यात १२३ चेंडूंचा टिकाव दाखविला. स्वभाव बदलला नव्हता, किंमत बदलली होती.

हिंजवडीपासून जवळच, द्रुतगती मार्गालगत, गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मैदान आहे. तेथे २०१७ सालच्या आरंभी अवघ्या सहा आठवड्यांच्या अंतराने झालेले दोन सामने आपल्या विषयावर जणू भाष्यच करून गेले. १५ जानेवारीस इंग्लंडने एकदिवसीय सामन्यात ३५० धावा केल्या आणि भारताची अवस्था ४ बाद ६३ झाली. तेथून विराट कोहली आणि पुण्याचे केदार जाधव यांनी २०० धावांची भागी करून सामना जिंकण्याच्या वाटेवर आणला. कोहली यांच्या धावा १२२ आणि जाधव यांच्या १२०. अंश जवळजवळ समान. परंतु कोहली यांस १०५ चेंडू लागले आणि जाधव यांस ७६. वाचलेले २९ चेंडू धावफलकावर कोणाच्याही नावापुढे लिहिले गेले नाहीत, तरी विजय त्यांच्यावरच उभा होता.

दुसरा सामना २३ फेब्रुवारीस सुरू झालेली ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. तेथे चेंडू असा वळत होता की भारताचे दोन डाव १०५ आणि १०७ धावांत संपले. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथ यांनी एकट्याने एका डावात १०९ धावा केल्या, म्हणजे भारताच्या अकरा जणांनी मिळून कोणत्याही एका डावात केल्या त्याहून अधिक. महिन्याभरापूर्वी ज्या मैदानावर एका दिवसात सातशेवर धावा झाल्या, त्याच मैदानावर १०९ ही केवढी संख्या ठरली! सरासरीच्या बेरजेत मात्र जानेवारीतील धाव आणि फेब्रुवारीतील धाव यांना एकच भाव मिळतो.

म्हणून जुने रसिक आणखी एक माप लावीत, ते संघाच्या धावांत फलंदाजाच्या वाट्याचे. १८७७ सालच्या पहिल्याच कसोटीत चार्ल्स बॅनरमन यांनी संघाच्या २४५ धावांपैकी १६५ केल्या, म्हणजे शेकडा ६७. आपल्याकडील याहून विलक्षण उदाहरण १९४३ च्या डिसेंबरातील पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीचे. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला, त्यात मर्चंट नाबाद २५०. 'शेष' संघाचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या आणि त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या, म्हणजे शेकडा जवळजवळ ८०. त्यांचे बंधू विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली, तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेलाच. सरासरीच्या तराजूत मर्चंट यांचे नाबाद २५० हजारे यांच्या ३०९ हून सरस ठरण्याचा संभव आहे, कारण त्यांनी छेदात भर घातली नाही. वाट्याच्या तराजूत मात्र त्या दिवशी हजारे यांच्या शेजारी कोणीच नाही. जातिधर्मांवर उभारलेली ती स्पर्धा १९४६ नंतर बंद पडली, ते योग्यच झाले. पण त्या डावाचे स्मरण राहणे हेही योग्यच.

चेंडू हा तरी छेद निर्विवाद असेल असे वाटते, तोही भ्रम. हजारे यांच्याच नावे चालणाऱ्या करंडकाच्या सामन्यात २८ नोव्हेंबर २०२२ रोजी अहमदाबादेस, हिंजवडीशेजारच्या थेरगावी क्रिकेटचे धडे गिरविलेल्या ऋतुराज गायकवाड यांनी उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले. षटकात सहा चेंडू असता सात षटकार कसे? त्यांतील एक चेंडू नोबॉल होता. नोबॉल षटकाच्या मोजणीत धरत नाहीत, परंतु फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंत धरतात. म्हणून तेच षटक गोलंदाजाच्या वहीत सहा चेंडूंचे आणि फलंदाजाच्या वहीत सात चेंडूंचे आहे. त्यातून फलंदाजास ४२ धावा मिळाल्या आणि संघास ४३. एका घटनेस दोन अंश आणि दोन छेद, आणि दोन्ही वह्या खऱ्या.

या सर्व मापांस न सापडणारी एक गोष्ट राहते, ती म्हणजे संधी. सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर यांची प्रथम दर्जाच्या सामन्यांतील सरासरी ३९.३२ आहे. नुसत्या आकड्याने ते मर्चंट-हजारे यांच्या पुष्कळच खाली बसतात. परंतु त्यांचा जन्म १८९२ चा. रणजी स्पर्धा सुरू झाली १९३४ साली, तेव्हा त्यांस बेचाळीसावे वर्ष लागून गेले होते. १९२६ साली मुंबईस गिलिगन यांच्या संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा केल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुंबईविरुद्ध २४६ केल्या. १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या दोन हंगामांत त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. ऐन उमेदीच्या वर्षांत त्यांच्या वाट्यास सामनेच थोडे आले. जे डाव खेळावयास मिळालेच नाहीत, ते अंशातही नसतात आणि छेदातही नसतात.

आणि हेच शेवटी निंबाळकरांच्या बाबतीत घडले. त्यांच्या प्रथम दर्जाच्या धावा ४,८४१ आणि सरासरी ४७.९३. त्यातील ४४३ धावा, म्हणजे शेकडा नऊ, त्या एका डावाच्या. तो डाव नाबाद असल्यामुळे छेदात त्याची किंमत शून्य आहे. तो वगळला तर सरासरी ४३.५४ राहते. म्हणजे एका डावाने साऱ्या आयुष्याच्या सरासरीत चार धावांहून अधिक भर घातली. ज्या डिसेंबरात तो डाव झाला, त्याच डिसेंबरात वेस्ट इंडीजचा संघ आपल्या देशात होता आणि पाच कसोट्यांपैकी तीन व्हावयाच्या होत्या. निंबाळकरांस त्या तिहींत स्थान मिळाले नाही, आणि पुढेही एकाही अधिकृत कसोटीत मिळाले नाही. निवड करणारांच्या बाजूने म्हणता येण्यासारखे होते: खेळपट्टी सपाट, प्रतिपक्ष दुबळा, दर बळीस दोनशेहून अधिक धावांचा तो डाव. हे आक्षेप खोटे नव्हते. परंतु आक्षेपाची परीक्षा करण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे त्यांस निराळ्या छेदापुढे उभे करणे. ते कोणी केले नाही. ब्रॅडमन यांचा ४५२ चा उच्चांक पुढे १९५९ साली कराचीस हनीफ महंमद यांनी ४९९ धावा करून मोडला. तेही पाचशेव्या धावेसाठी पळताना धावबाद झाले. भारतीय फलंदाजांत मात्र ४४३ हा आकडा आजही सर्वांच्या वर उभा आहे.

मी व्यवसायाने परीक्षक आहे. दरवर्षी शेकडो तरुणांच्या नावांपुढे गुण लिहितो, त्यांची टक्केवारी होते, आणि ती टक्केवारी घेऊन त्यांतील कित्येक हिंजवडीच्या माहितीतंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांत जातात, जेथे वर्षाअखेरीस पुन्हा त्यांचे आकडे निघतात. आकडे नकोत असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. आकडे नसते तर निंबाळकरांचे नावही आज कोणास आठवले नसते. पण आकडा हातात आला म्हणजे तो कोणत्या छेदाचा, हे विचारण्याची सवय आपण आपल्या मुलांस लावावी, असे मनापासून वाटते. धावा डावांनी भागल्या, की बादांनी, की मिनिटांनी, की चेंडूंनी? कोणते डाव गळले? कोणास खेळावयासच मिळाले नाही? एवढे विचारल्यावर जो आकडा हातात उरतो, तो आकार धाकटा असला तरी खरा असतो.

भाऊसाहेब निंबाळकर ११ डिसेंबर २०१२ रोजी निवर्तले. दुसऱ्या दिवशी त्यांस त्र्याण्णव वर्षे पूर्ण होणार होती.